आलेला मेल जातो कुठे? : मेल सर्व्हरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे: एका पत्त्यावर आलेला मेल दुसऱ्याकडे वळवायचा कसा, आणि वळवल्यावर तो मध्येच गायब का होतो. प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांकडे लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम आहे, म्हणून उत्तरं त्यालाच धरून दिली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. डोमेन आणि युजर नमुन्याचे आहेत.

प्रश्न: आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सेल्स या पत्त्यावर आलेला मेल मालक, हिशेब आणि गोदाम अशा तिघांना जावा म्हणून एलियसेस फाइलमध्ये ओळ घातली, सर्व्हर दोनदा रीस्टार्टही केला. तरी पाठवणाऱ्याला ‘युजर अननोन’ म्हणून मेल परत जातो. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर: रीस्टार्टचा इथे काही उपयोग नाही. पोस्टफिक्स ती मजकुराची फाइल वाचतच नाही. तिच्यापासून तयार केलेली डेटाबेस फाइल वाचतो, आणि ती तुम्ही नव्याने तयार केलेली दिसत नाही. फाइलमध्ये ओळ अशी हवी:

सेल्स: मालक, हिशेब, गोदाम

त्यानंतर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून एकच आज्ञा द्यायची:

न्यूएलियसेस

एलियस म्हणजे आपल्याकडचं ‘उर्फ’. डाव्या बाजूला उर्फ नाव, मग कोलन, उजव्या बाजूला खरे धनी. डावीकडे फक्त @ च्या आधीचा भाग लिहायचा. तिथे डोमेनसकट पूर्ण पत्ता लिहिला तर ती ओळ कधीच जुळत नाही. यादी लांबली तर पुढची ओळ मोकळ्या जागेने सुरू करा, म्हणजे ती आधीच्या ओळीचाच भाग धरली जाते. याची उलटी चूकही होते: नवी नोंद लिहिताना सुरुवातीला चुकून एक स्पेस पडते आणि ती नोंद वरच्या ओळीला जाऊन चिकटते.

डेटाबेसमध्ये काय उतरलं ते तपासायला:

पोस्टएलियस -क्यू सेल्स हॅश:/इटीसी/एलियसेस

उत्तरात तिघांची नावं आली तर फाइल बरोबर आहे. काहीच आलं नाही तर आज्ञा चुकली किंवा भलतीच फाइल बदलली. नेमकी कोणती फाइल वापरात आहे ते ‘पोस्टकॉन्फ एलियस_मॅप्स एलियस_डेटाबेस’ या आज्ञेने कळतं. पहिली सेटिंग मेल पोचवताना कुठे बघायचं ते सांगते, दुसरी न्यूएलियसेसने कोणती फाइल बांधायची ते सांगते. दोन्हींत वेगळ्या फाइली असतील तर तुम्ही एक बांधत राहाल आणि पोस्टफिक्स दुसरीच वाचत राहील. काही नव्या लिनक्सवर ‘हॅश’ च्या जागी ‘एलएमडीबी’ दिसेल. मग वरच्या आज्ञेतही तोच शब्द घाला. आणि या फाइलवर पोस्टमॅप (पोस्टफिक्सच्या इतर फाइलींचा डेटाबेस बांधणारा प्रोग्रॅम) चालवू नका. तो कोलनवाली मांडणी ओळखत नाही, नावालाच कोलन चिकटवून ठेवतो.

एवढं सगळं बरोबर असूनही मेल परत येत असेल तर मुळातली गोष्ट तपासा. ही फाइल फक्त ‘लोकल’ डिलिव्हरीत वाचली जाते, म्हणजे तुमचं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ च्या यादीत (ज्या डोमेनचा मेल सर्व्हर इथल्याच युजरना पोचवतो ती यादी) असेल तरच. मेलबॉक्स लिनक्सच्या युजरचे नसून माय-एसक्यूएलसारख्या डेटाबेसमधले व्हर्च्युअल मेलबॉक्स असतील, तर या फाइलकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तयार पॅकेज बसवून घेतलेल्या पुष्कळ सर्व्हरवर असंच असतं. तिथे पुढच्या उत्तरातला मार्ग धरा.

शेवटी लॉग बघा. डेबियन, उबुंटूवर तो /व्हार/लॉग/मेल.लॉग इथे असतो, रेड हॅटच्या घराण्यात /व्हार/लॉग/मेललॉग इथे. वळवलेल्या मेलच्या ओळीत ‘टू’ समोर खरा धनी आणि ‘ओरिग_टू’ समोर उर्फ पत्ता दिसतो. दोन्ही दिसले की एलियसचं काम झालं. पुढची अडचण मेलबॉक्सची.

प्रश्न: एकाच सर्व्हरवर चादरीचं आणि रेडिमेड कपड्यांचं अशी दोन डोमेन आहेत. दोन्हींकडे सेल्स हा पत्ता हवा, पण माणसं वेगळी. एलियसेस फाइलमध्ये सेल्सच्या दोन ओळी घातल्या तर न्यूएलियसेस तक्रार करतं. (नवी पेठ)

उत्तर: करणारच. त्या फाइलला डोमेन कळत नाही, तिच्या लेखी सेल्स एकच. ‘मायडेस्टिनेशन’ मध्ये दहा डोमेन लिहिली तरी दहांचा सेल्स एकाच माणसाकडे जाईल. तुम्हाला व्हर्च्युअल एलियस हवेत. /इटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल या फाइलमध्ये लिहा:

सेल्स@चादरडोमेन.इन मालक@चादरडोमेन.इन
सेल्स@कपडेडोमेन.इन दुकान@चादरडोमेन.इन, शिवण@चादरडोमेन.इन

इथे कोलन नाही. डावीकडे पूर्ण पत्ता, मग मोकळी जागा, मग धनी. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी घाला:

व्हर्च्युअल_एलियस_डोमेन्स = कपडेडोमेन.इन
व्हर्च्युअल_एलियस_मॅप्स = हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

मग ‘पोस्टमॅप /इटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल’, आणि मेन.सीएफ बदलली म्हणून ‘पोस्टफिक्स रीलोड’. पुढे फक्त व्हर्च्युअल फाइल बदललीत तर पोस्टमॅप पुरतो, रीलोड लागत नाही.

दोन ठिकाणी ठेच लागते. एकच डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल_एलियस_डोमेन्स’ या दोन्हींत लिहू नका. लॉगमध्ये तसा इशारा येतो आणि वागणं बेभरवशाचं होतं. दुसरी ठेच ‘सगळं पकड’ ओळीची. डावीकडे नुसतं @कपडेडोमेन.इन लिहिलं की त्या डोमेनच्या कुठल्याही नावाचा मेल एका जागी येतो. गिऱ्हाईक स्पेलिंग चुकलं तरी मेल हाती लागेल, या आशेने लोक ती घालतात. प्रत्यक्षात स्पॅमवाले हजार नावं मारून बघतात आणि ती सगळी तुमच्या पदरात पडतात. त्यात त्या डोमेनवर खरे मेलबॉक्स असतील तर त्यांचाही मेल ही ओळ ओढून घेते; मग प्रत्येक खऱ्या पत्त्यासाठी ‘दुकान@… दुकान@…’ अशी स्वतःलाच दाखवणारी ओळ घालावी लागते. आमचा सल्ला: ती ओळ नकोच. नेहमी चुकणारी दोन-चार स्पेलिंगं माहीत असतील तर तेवढीच उर्फ म्हणून घाला.

प्रश्न: ऑफिसचे मेल मी माझ्या जीमेलवर फॉरवर्ड करतो. काही येतात, काही येतच नाहीत. बँकेचे आणि सरकारी पोर्टलचे तर हमखास गळतात. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ५५०-५.७.२६ असं काही दिसतं. (कर सल्लागार, सात रस्ता)

उत्तर: एकाच छताखाली मेल वळवण्यात धोका नाही. तो छताबाहेर पाठवायला गेलं की सगळं बिघडतं, आणि त्यात तुमचं चुकतंय असंही नाही. कारण नीट समजून घ्या, म्हणजे उपायाची मर्यादाही कळेल.

प्रत्येक मेलला दोन ‘प्रेषक’ असतात. एक लिफाफ्यावरचा, जो फक्त सर्व्हरांना दिसतो. दुसरा आतल्या कागदावरचा, म्हणजे ‘फ्रॉम’, जो तुम्हाला दिसतो. एसपीएफ ही तपासणी लिफाफा बघते: या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपी पत्त्याला आहे का? बँकेने स्वतःच्या सर्व्हरांची यादी जाहीर केलेली असते. तुम्ही मेल जसाच्या तसा पुढे ढकलता तेव्हा लिफाफ्यावर नाव बँकेचं, पण दारात उभा असतो सोलापुरातला तुमचा सर्व्हर. जीमेल म्हणतं, हा तोतया. ५.७.२६ चा अर्थ हाच, की प्रेषकाची ओळख पटली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच प्रेषकांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागायला सुरुवात केल्यावर ही गळती ठळक झाली.

डीकेआयएम म्हणजे मेलच्या मजकुरावरची डिजिटल सही. ती फॉरवर्ड केल्यावरही टिकते, पण वाटेत मेलला हात लागला नाही तरच. तुमच्या सर्व्हरवरचं फिल्टर विषयाच्या आधी ‘बाहेरील मेल’ असं जोडत असेल किंवा खाली सूचनेचा परिच्छेद चिकटवत असेल, तर सही मोडते आणि उरलासुरला आधारही जातो. पहिलं काम म्हणून ही जोडाजोडी बंद करा.

दुसरं काम एसआरएसचं. यात फॉरवर्ड करताना लिफाफ्यावर बँकेच्या जागी तुमच्या डोमेनचा एक सांकेतिक पत्ता येतो. मेल परत आलाच तर त्यावरून मूळ प्रेषकाकडे रवाना करता येतो. पोस्टफिक्सबरोबर ‘पोस्टएसआरएसडी’ हा छोटा प्रोग्रॅम यासाठी चालतो. त्याच्या १.x आवृत्तीला मेन.सीएफ मध्ये या चार ओळी लागतात:

सेंडर_कॅनॉनिकल_मॅप्स = टीसीपी:लोकलहोस्ट:१०००१
सेंडर_कॅनॉनिकल_क्लासेस = एन्व्हलप_सेंडर
रेसिपिएंट_कॅनॉनिकल_मॅप्स = टीसीपी:लोकलहोस्ट:१०००२
रेसिपिएंट_कॅनॉनिकल_क्लासेस = एन्व्हलप_रेसिपिएंट, हेडर_रेसिपिएंट

मशीनवर आकडे अर्थातच इंग्रजीत. २.x मध्ये पोर्टऐवजी सॉकेट असतं. त्याची ओळ पॅकेजसोबतच्या नमुन्यातून घ्या. दुसरी ओळ विसरलात तर आतला ‘फ्रॉम’ ही बदलतो आणि बँकेचा मेल भलत्याच विचित्र पत्त्यावरून आलेला दिसतो. स्वतःची डोमेन पोस्टएसआरएसडीच्या वगळण्याच्या यादीत घाला, नाहीतर तुमचे स्वतःचे मेलही उगाच सांकेतिक होतील.

आता मर्यादा. एसआरएसने एसपीएफ पास होतं, पण ते तुमच्या डोमेनच्या नावाने. डीमार्क ही तिसरी तपासणी विचारते, की पास झालेलं डोमेन आणि ‘फ्रॉम’ मधलं डोमेन एकच आहे का? ते एक नसतं. म्हणजे डीमार्कचा सारा भार डीकेआयएमच्या सहीवर येतो. ज्या प्रेषकाचं डीमार्क धोरण ‘रिजेक्ट’ आहे आणि ज्याने सहीच केलेली नाही, त्याचा मेल तुम्ही काहीही केलंत तरी फॉरवर्ड होऊन जीमेलच्या आत जाणार नाही.

एसआरएस बसवणं जड वाटत असेल आणि उर्फ पत्ता एलियसेस फाइलमध्ये असेल, तर एक जुनी सोय आहे. समजा ओळ ‘ऑफिस: बाहेरचा पत्ता’ अशी आहे. तिच्याखाली लिहा:

ओनर-ऑफिस: अ‍ॅडमिन

‘ओनर-’ या नावाचा जोडीदार सापडला की पोस्टफिक्स लिफाफ्यावर ‘ओनर-ऑफिस@तुमचंडोमेन’ असं टाकतो. एसपीएफ तुमच्या नावाने पास होतं आणि परतीचे मेल अ‍ॅडमिनकडे येतात. मूळ प्रेषकाला मात्र मेल पोचला नाही हे कळत नाही, ती जबाबदारी अ‍ॅडमिनची. व्हर्च्युअल फाइलमध्ये ही युक्ती चालत नाही.

स्पॅमचंही बघा. आलेला कचरा न गाळता जीमेलकडे ढकललात तर जीमेलच्या हिशेबी तो कचरा पाठवणारे तुम्हीच, आणि नाव खराब होतं ते तुमच्या आयपीचं. गाळणी फॉरवर्डच्या आधी लावा, आणि स्पॅम दारातच नाकारा. आत घेऊन मग परत पाठवलात तर परतीचा मेल ज्याचं नाव वापरलं गेलं त्या तिऱ्हाइताच्या माथी बसतो.

खरं सांगायचं तर तुमच्या कामात नोटिशीच्या तारखा सांभाळायच्या असतात. तिथे फॉरवर्डिंगवर विसंबणं आम्हाला पटत नाही. ऑफिसचा मेलबॉक्स ऑफिसच्याच सर्व्हरवर ठेवा आणि मोबाइलवरच्या मेल अ‍ॅपमध्ये तो आयमॅप खातं (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) म्हणून जोडा, पोर्ट ९९३. मेल कुठे ढकलावाच लागत नाही.

एक फसगत जाता जाता. फॉरवर्ड चालतं का हे बघायला लोक स्वतःच्याच जीमेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर मेल टाकतात आणि तो जीमेलच्या इनबॉक्समध्ये परत दिसला नाही की सेटिंग चुकली समजतात. त्या मेलचा ओळख क्रमांक तोच असल्यामुळे जीमेल दुसरी प्रत दाखवत नाही. चाचणी तिसऱ्याच खात्यावरून करा.

प्रश्न: हिशेबनीस बाई महिनाभर रजेवर आहेत. त्यांचा मेल मालकांना जावा, पण त्यांच्या बॉक्समध्येही राहावा. एलियसेस फाइलला हात न लावता होईल का? (होटगी रोड)

उत्तर: होईल. त्यांच्या होम फोल्डरमध्ये ‘.फॉरवर्ड’ नावाची फाइल करून एकच ओळ लिहा:

\हिशेब, मालक

सुरुवातीची उलटी तिरकी रेघ महत्त्वाची. ‘इथेच ठेव, पुन्हा वळवू नकोस’ असा तिचा अर्थ. ती आणि ते नाव वगळलंत तर मेल फक्त मालकांकडे जाईल आणि बाईंच्या बॉक्समध्ये महिनाभर काहीच नसेल. फाइलचा मालक तो युजर किंवा रूट असावा आणि ती इतर कुणालाही लिहिण्यासाठी खुली नसावी. ६४४ परवानगी पुरते. नाहीतर पोस्टफिक्स लॉगमध्ये कुरकुर करतो आणि फाइल बाजूला ठेवतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये ती बनवू नका, नाव ‘.फॉरवर्ड.टीएक्सटी’ होऊन बसतं. बाई परतल्या की फाइल काढायची, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. मेलबॉक्स व्हर्च्युअल असतील तर ही फाइल वाचलीच जात नाही. तिथे डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या सीव्ह या नियमांच्या फाइलमध्ये ‘रीडायरेक्ट :कॉपी’ हा नियम वापरा.

प्रश्न: कॉलेजच्या सर्व्हरची एक हार्डडिस्क दोन महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. रेड (एक डिस्क गेली तरी काम चालू ठेवणारी अनेक डिस्कची मांडणी) असल्यामुळे काम चालू राहिलं आणि कुणाला कळलंच नाही. इशारा यायला नको होता का? (प्रयोगशाळा साहाय्यक, विजापूर रोड)

उत्तर: आला असणार. /व्हार/मेल/रूट ही फाइल उघडून बघा. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा), एमडीएडीएम (रेड सांभाळणारा), स्मार्टडी (डिस्कची तब्येत बघणारा) हे सगळे आपली रड रूटला मेल करून सांगतात, आणि रूटचा मेलबॉक्स कुणी उघडत नाही. एलियसेस फाइलमध्ये ही सोय हवीच:

रूट: अ‍ॅडमिन, तुमचा-बाहेरचा-पत्ता
पोस्टमास्टर: रूट
अब्यूज: रूट

नुसता बाहेरचा पत्ता देऊ नका. नेट गेलेलं असताना डिस्क गेली तर इशारा आतच अडकतो. पोस्टमास्टर हा पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरवर चालू असावा असा इंटरनेटचा नियमच आहे. न्यूएलियसेस चालवा आणि चाचणी घ्या:

एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट

प्रत्येक अ‍ॅरेसाठी (रेडमधल्या डिस्कच्या संचासाठी) एक चाचणी मेल आला पाहिजे. नाही आला तर एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमधली ‘मेलअ‍ॅडर’ ओळ तपासा.

मेल आल्यावर एखादी स्क्रिप्ट चालवण्यासाठी उजवीकडे उभी रेघ आणि आज्ञा लिहिता येते. मात्र /इटीसी/एलियसेस मधून चालणारी स्क्रिप्ट रूट म्हणून चालत नाही, ‘नोबडी’ या युजरच्या नावाने चालते. ‘परमिशन डिनाइड’ चं कारण बहुधा तेच.

प्रश्न: ‘ऑल’ या पत्त्यावर लिहिलं की सगळ्या शिक्षकांना मेल जातो. आता बाहेरच्या जाहिराती त्यावर येऊ लागल्या. (शिक्षणसंस्था, जुळे सोलापूर)

उत्तर: दारावर माणूस बसवा. /इटीसी/पोस्टफिक्स/आतले या फाइलमध्ये ‘ऑल@तुमचंडोमेन रिजेक्ट’ अशी ओळ लिहून पोस्टमॅप करा आणि मेन.सीएफ मध्ये क्रम असा ठेवा:

एसएमटीपीडी_रेसिपिएंट_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, चेक_रेसिपिएंट_अ‍ॅक्सेस हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/आतले

आधीच तिथे काही नियम असतील तर ते या तिघांच्या नंतर राहू द्या. लॉगिन करून पाठवणारे शिक्षक पहिल्या दोन पायऱ्यांवरच आत जातात; तिसरी पायरी फक्त परक्यांना लागते. प्रेषकाचा ‘फ्रॉम’ बघून परवानगी देणारी युक्ती वापरू नका, तो कुणीही खोटा लिहितो. ‘मायनेटवर्क्स’ मध्ये, म्हणजे लॉगिनशिवाय आत घ्यायच्या आयपी पत्त्यांच्या यादीत, विद्यार्थ्यांचं वायफाय येतंय का तेही बघा. येत असेल तर कुलूप लावूनही चावी दारातच टांगलेली आहे.

प्रश्न: गड्डा यात्रेत ऑफिस चार दिवस बंद होतं, वीज गेल्यावर सर्व्हरही बंद राहिला. त्या दिवसांतले मेल गेले का? (चाटी गल्ली)

उत्तर: बहुतेक नाही. तुमचा सर्व्हर उचलत नसेल तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची असते. काही प्रेषक मात्र लवकर हात टेकतात, म्हणून तीन दिवसांच्या वर सर्व्हर बंद ठेवू नये. चालू केल्यावर तुमच्याकडून बाहेर जायचं राहिलेलं ‘पोस्टक्यू -पी’ ने बघा आणि ‘पोस्टक्यू -एफ’ ने ढकला. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप चालू व्हावा यासाठी बायोसमध्ये एसी पॉवर परत आल्यावर काय करायचं त्याची सेटिंग असते, ती ‘ऑन’ करा.